यंत्र खरं, चाचणी नाही: टीव्हीवरच्या लाय डिटेक्टरबद्दल

प्रश्न असा आहे: 'सच का सामना'सारख्या कार्यक्रमांत वापरतात ते लाय डिटेक्टर यंत्र खरं असतं की सगळं नाटक? आणि खरं असेल, तर त्यात खोटा ठरलेला माणूस खोटारडा समजायचा का?

यंत्र खरंच असतं. तपास यंत्रणा वापरतात त्याच जातीचा पॉलिग्राफ (लाय डिटेक्टरचं तांत्रिक नाव). तरीही त्याने खोटं ठरवलेला माणूस खोटारडा समजू नये. दोष यंत्रात कमी आणि त्याच्यापुढे ठेवलेल्या प्रश्नांत जास्त आहे. वजनकाटा अगदी चोख असला तरी त्यावर कापडाची लांबी मोजता येत नाही, तसाच हा प्रकार.

आधी या कार्यक्रमांचं कूळ पाहू. हॉवर्ड शुल्झ या अमेरिकन निर्मात्याची ही कल्पना पहिल्यांदा २००७ साली कोलंबियात पडद्यावर आली. तिथे एका स्पर्धक बाईने, नवऱ्याला मारण्यासाठी मारेकऱ्याला पैसे दिल्याचं कॅमेऱ्यासमोर कबूल केलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कार्यक्रम बंद झाला. जानेवारी २००८ मध्ये अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर 'द मोमेंट ऑफ ट्रुथ' सुरू झाला. त्याचाच भारतीय अवतार म्हणजे जुलै २००९ मध्ये स्टार प्लसवर रात्री साडेदहाला आलेला 'सच का सामना'. सूत्रसंचालक राजीव खंडेलवाल, प्रश्न २१, सगळे पार केले तर १ कोटी. एक उत्तर जरी 'खोटं' ठरलं तरी तोवर जिंकलेलं सगळं गेलं.

आता यातली प्रेक्षकांच्या सहसा लक्षात न येणारी गोष्ट. मंचावरच्या त्या खुर्चीला यंत्र जोडलेलं नसतं. चाचणी आधीच, वेगळ्या खोलीत उरकलेली असते. तिथे स्पर्धकाला पन्नासच्या वर प्रश्न विचारतात आणि त्यांतले २१ पुढे मंचावर येतात. ते कोणते आणि यंत्राने काय म्हटलं, हे त्याला माहीत नसतं. मंचावर निकालाआधी घेतात तो लांबलचक विराम निव्वळ कॅमेऱ्यासाठी असतो. त्या घटकेला काहीच मोजलं जात नसतं. कपाळावरच्या घामाचा, थरथरत्या ओठांचा आणि निकालाचा एकमेकांशी काही संबंध नाही.

खोलीत काय मोजतात? छातीभोवती आणि पोटाभोवती एकेक नळी बांधतात, त्यावर श्वास उमटतो. दंडाला रक्तदाब मोजायच्या पट्ट्यासारखा पट्टा लावून तो साधारण ६० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास फुगवून ठेवतात, त्यावर नाडी आणि रक्तदाबातला सापेक्ष चढउतार दिसतो. दोन बोटांना इलेक्ट्रोड लावून त्वचेची विद्युतवाहकता घेतात. हाताला किंचित घाम सुटला की ती वाढते. खुर्चीत हालचाल टिपणारी गादी असते, म्हणजे कोणी पायाचं बोट दाबून आलेख बिघडवत असेल तर दिसावं. यांतली एकही नळी खोटं मोजत नाही. प्रश्न ऐकून शरीर किती चाळवलं, एवढंच कागदावर येतं. ते भीतीने चाळवलं, लाजेने, रागाने की जुनी जखम उघडी पडल्याने, हे कागद सांगत नाही.

मग तपासात याचा उपयोग तरी कसा करतात? तुलना करून. नीट घेतलेल्या चाचणीत मुद्द्याचे प्रश्न तीन-चारच असतात आणि तेही एकाच घटनेबद्दल: '१२ तारखेला कपाटातले पैसे तुम्ही घेतले का?' प्रश्नातली कृती ठरावीक, घडून गेलेली आणि उत्तर हो किंवा नाही. त्यांच्या शेजारी तुलनेचे प्रश्न ठेवतात, मुद्दाम ढोबळ केलेले: 'पंचविशीच्या आत कधी तुमची नसलेली वस्तू उचलली होती का?' याला छातीठोक 'नाही' म्हणणारा माणूस विरळा. तर्क असा की निर्दोष माणूस या ढोबळ प्रश्नावर जास्त अडखळेल, कारण पैशांच्या बाबतीत तो निश्चिंत आहे. दोषी माणूस मुद्द्याच्या प्रश्नावर जास्त अडखळेल. १९४७ साली जॉन रीड यांनी ही तुलनेची पद्धत मांडली आणि आजही बहुतेक तपासचाचण्या याच पायावर उभ्या आहेत. पाया पक्का नाही अशी टीका मानसशास्त्रज्ञ तेव्हापासून करत आले आहेत आणि ती पोकळ नाही. घाबरट निर्दोष माणूस खरं बोलूनही मुद्द्याच्याच प्रश्नाला दचकू शकतो.

पद्धतीची शिस्त मात्र पाहण्यासारखी असते. यंत्र जोडण्याआधी तासभर, कधी जास्त, बोलणं होतं. त्यात प्रत्येक प्रश्न शब्दशः वाचून दाखवतात आणि त्याचा अर्थ दोघांनी एकच धरला आहे ना, याची खात्री करतात. अचानक फेकलेल्या प्रश्नाला शरीर दचकतंच, ते खोटेपणाचं लक्षण नव्हे. मग एक सरावाची फेरी होते: एक आकडा मनात धरायला सांगून सगळ्या आकड्यांना 'नाही' म्हणायला लावतात, म्हणजे या माणसाचा आलेख कसा चालतो ते कळतं. दोन प्रश्नांत किमान २० ते २५ सेकंद सोडतात, कारण त्वचेची प्रतिक्रिया चढून पुन्हा खाली यायला तेवढा वेळ घेते. तोच संच तीन ते पाच वेळा, क्रम बदलून फिरवतात. दंडाचा पट्टा पाच-सहा मिनिटांहून जास्त फुगलेला ठेवत नाहीत. हाताला मुंग्या येतात आणि आलेखात भलतंच उमटायला लागतं.

हेच गणित टीव्हीच्या पन्नास प्रश्नांना लावून पाहा. २५ सेकंदांच्या अंतराने एक फेरी म्हणजे जवळजवळ २१ मिनिटं. पट्टा मध्ये सोडून हात मोकळा करायचा, तर एका फेरीचे किमान चार तुकडे. तीन फेऱ्या घ्यायच्या तर बारा तुकडे आणि तासाहून अधिक वेळ नुसती मोजणी. त्यात त्वचेची प्रतिक्रिया सवयीने मंदावत जाते. चौथ्या प्रश्नाला शरीर जेवढं उसळेल तेवढं चव्वेचाळिसाव्याला उसळणार नाही. खोली थंडगार असेल तर बोटं गार पडून त्वचेचा आलेख जवळपास सपाट होतो. म्हणून चाचणीच्या खोलीचं तापमान सांभाळावं लागतं आणि स्टुडिओतला एसी त्या कामाचा नसतो.

पण वेळेची अडचण एकवेळ सोडवता येईल. दोन-तीन दिवस घ्या, संच पाडा. खरी गडबड प्रश्नांच्या जातीत आहे.

या कार्यक्रमांतले प्रश्न आठवा. जोडीदाराशी कधी खोटं बोललात का? आईवडिलांची कधी लाज वाटली का? मित्राचं वाईट व्हावं असं कधी वाटलं का? पॉलिग्राफच्या भाषेत हे मुद्द्याचे प्रश्न नाहीतच. 'कधी' हा शब्द असलेले, आयुष्यभराचा हिशेब मागणारे, कोणालाही खात्रीने नाकारता न येणारे प्रश्न परीक्षक तुलनेसाठी वापरतात, सज्जन माणूसही त्यांवर अडखळावा म्हणून. टीव्ही त्यांच्याच आधारे निकाल देतो. जो प्रश्न प्रामाणिक माणसाला अस्वस्थ करण्यासाठीच बनवला, त्यावर तो अस्वस्थ झाला म्हणून त्याला खोटारडा म्हणायचं! आणि सगळेच प्रश्न लाजिरवाणे असले की तुलनेला उरतं काय?

याहून वाईट दोन जाती आहेत. एक, मताचे प्रश्न. फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेतल्या कार्यक्रमात एका तरुणीने नवऱ्यासमोर बरंच काही कबूल केलं आणि यंत्राने ते सगळं खरं धरलं. मग विचारलं: तू स्वतःला चांगली माणूस समजतेस का? ती 'हो' म्हणाली. निकाल आला: खोटं. जिंकलेले १ लाख डॉलर गेले. नवऱ्याची अब्रू त्याआधीच गेली होती. आता या प्रश्नाला खरं-खोटं कशावरून ठरणार? नुकतंच आपल्या तोंडाने इतकं बोलून बसलेल्या कोणाचं मन या प्रश्नावर ढवळणार नाही? कबुलीजबाबांपर्यंत टिकलेली चाचणी इथे शुद्ध अपराधभाव मोजत होती. भारतात विनोद कांबळी या कार्यक्रमात आला तेव्हा सचिनने आणखी मदत करायला हवी होती का, अशा अर्थाचा प्रश्न आला आणि त्याच्या होकारावरून मुंबईच्या क्रिकेटवर्तुळात दिवसच्या दिवस चर्चा रंगली. यंत्राने 'खरं' म्हटलं याचा अर्थ सचिनने मदत केली नाही असा होत नाही. कांबळीला तसं वाटत होतं, फार तर एवढंच. लोकांनी मात्र पहिलाच अर्थ घेतला.

दुसरी जात 'जर-तर'ची. आपल्याकडच्या अगदी पहिल्या स्पर्धकालाच, नवऱ्याला कधीच कळणार नसेल तर परपुरुषाशी संबंध ठेवाल का, या अर्थाचा प्रश्न होता. तिने नाही म्हटलं, यंत्राने खोटं ठरवलं आणि खेळ संपला. घडलेलीच नाही अशा गोष्टीची स्मृती नसते, आणि स्मृती नसेल तर लपवायला काही नसतं. पॉलिग्राफचा सगळा खटाटोप लपवलेल्या कृतीभोवती उभा आहे. नवऱ्यासमोर, लाखो लोकांना पुढे दिसणार हे माहीत असताना, असा प्रश्न ऐकून ज्या बाईचा हात घामेजणार नाही ती विरळाच.

आणखी एक गोष्ट मंचावर कधीच ऐकू येत नाही: 'निष्कर्ष निघत नाही.' खऱ्या तपासात हा निकाल नेहमीचा आहे. प्रचलित एका पद्धतीत प्रत्येक आलेखातल्या तुलनेला उणे ३ ते अधिक ३ असे गुण देतात आणि बेरीज करतात. अधिक ६ किंवा वर गेली तर खरं, उणे ६ किंवा खाली गेली तर खोटं, मधलं सगळं अनिर्णित. तिथे पुन्हा चाचणी घेतात किंवा नाद सोडतात. टीव्हीला अनिर्णित परवडत नाही. एक कोटीच्या प्रश्नावर 'सांगता येत नाही' म्हणणारा आवाज कोण ऐकणार? म्हणजे मधल्या पट्ट्यातली सगळी माणसं या ना त्या बाजूला ढकलावी लागतात.

आता अचूकतेचं बोलू, कारण जाहिरातीत 'नव्वद-पंच्याण्णव टक्के' असे आकडे सर्रास फेकले जातात. क्षणभर मानू की एका प्रश्नावर यंत्र ९५ टक्के वेळा बरोबर ठरतं. २१ च्या २१ प्रश्नांना खरं उत्तर देणारा, हरिश्चंद्राच्या कुळातला स्पर्धक शेवटपर्यंत पोचण्याची शक्यता किती? ०.९५ ला स्वतःशी २१ वेळा गुणा: सुमारे ३४ टक्के. अचूकता ९० टक्के धरली तर ११ टक्के, आणि मग पहिले सहा प्रश्न पार होण्याची शक्यताही जेमतेम ५३ टक्के. ९९ टक्के धरली तरी शंभरातले १९ प्रामाणिक लोक वाटेत कुठेतरी खोटे ठरतील. हा हिशेब प्रत्येक प्रश्नाची चूक स्वतंत्र धरून केलाय, प्रत्यक्षात ती थोडी कमीजास्त होईल. मुद्दा बदलत नाही. एकाच चुकीने सगळं जाणार असेल तर प्रश्न वाढतील तसा प्रामाणिक माणूसच जास्त धोक्यात येतो. आणि चूक झाली की पैसे कोणाचे वाचतात हे सांगायला नको.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ साली पॉलिग्राफवर मोठा अहवाल दिला. त्यातलं एक उदाहरण पॉलिग्राफच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असतं. १०,००० कर्मचाऱ्यांत १० हेर आहेत असं समजा आणि दहातले ८ सापडतील इतकी चाचणी कडक ठेवा. तर सुमारे १,६०० लोक नापास होतील, त्यांतले ८ हेर, बाकी सगळे निर्दोष. परिषदेचा निष्कर्ष असा होता की एका ठरावीक घटनेबद्दल चाचणी असेल तर ती नुसत्या अंदाजापेक्षा बरीच बरी, पण अगदी अचूक असण्यापासून फार दूर. उलट्या बाजूचं उदाहरण म्हणजे सीआयएमधला ऑल्ड्रिच एम्स. रशियनांना माहिती विकत असताना तो १९८६ आणि १९९१ अशा दोन्ही वेळा पॉलिग्राफ पास झाला होता.

या यंत्राचा आणि करमणुकीचा संबंध नवा नाही, हे जाता जाता. रक्तदाबावरून खोटं पकडण्याची कल्पना मांडणारे विल्यम मार्स्टन यांनी १९३८ मध्ये जिलेटच्या दाढीच्या पात्यांची जाहिरात याच चाचणीच्या जोरावर केली, आणि पुढे वंडर वुमन हे पात्रही निर्माण केलं, जिच्या दोरीत अडकलेला माणूस खरंच बोलतो. अमेरिकी न्यायालयाने त्यांची चाचणी १९२३ सालीच, फ्राय खटल्यात, पुरावा म्हणून नाकारली होती.

भारतात कार्यक्रम सुरू झाल्यावर आठवडाभरातच राज्यसभेत आवाज उठला, माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिनीला कारणे दाखवा नोटीस दिली आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. जुलै २००९ अखेर मुख्य न्यायमूर्ती ए. पी. शहा यांच्या खंडपीठाने बंदी घालायला नकार दिला. नको असेल तर पाहू नका, असा एकूण सूर. (हेच न्या. शहा २०११ मध्ये वाहिन्यांच्या स्वनियमनासाठी स्थापन झालेल्या तक्रार परिषदेचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच वर्षी डिसेंबरात 'सच का सामना'चा दुसरा हंगाम लाइफ ओकेवर आला.) त्या सगळ्या गदारोळात संस्कृतीवर भरपूर बोललं गेलं. 'जर-तर'च्या प्रश्नावर पॉलिग्राफ चालतो का, हा साधा तांत्रिक प्रश्न मागेच राहिला. अश्लीलतेपेक्षा तोच मोठा आक्षेप होता, असं माझं मत.

तो वेळेत न विचारल्याची किंमत ब्रिटनमध्ये दिसली. आयटीव्हीच्या 'जेरेमी काइल शो'मध्ये जोडप्यांच्या भांडणात लाय डिटेक्टरचा निकाल मंचावर वाचून दाखवत. मे २०१९ मध्ये व्यभिचाराच्या प्रश्नावर 'नापास' ठरवलेला एक सहभागी चित्रीकरणानंतर काही दिवसांतच मृतावस्थेत सापडला आणि १४ वर्षं चाललेला कार्यक्रम कायमचा बंद झाला. पुढच्याच महिन्यात संसदेच्या समितीने निर्मात्यांना चाचणी किती अचूक आहे ते विचारलं. नेमका आकडा त्यांना देता आला नाही. ब्रिटनच्या नियामक संस्थेने त्यानंतर सहभागींची काळजी घेण्याचे नियम कडक केले.

आपल्या कायद्यात या चाचणीची जागा काय? 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी स्पष्ट केलं की संमतीशिवाय नार्को, ब्रेन मॅपिंग किंवा पॉलिग्राफ करता येणार नाही. राज्यघटनेचं कलम २०(३) आड येतं: आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही. संमती द्यायची तर मॅजिस्ट्रेटसमोर आणि वकिलाचा सल्ला घेऊन, असं मानवाधिकार आयोगाच्या २००० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. संमती असली तरी अहवाल हा स्वतः पुरावा नाही. त्या माहितीवरून पुढे काही वस्तू सापडली तर ती पुराव्यात येऊ शकते. मुंबईत कलिनाच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत आरोपीची चाचणी होते तेव्हा त्याला एवढं संरक्षण असतं. स्टुडिओत जाणाऱ्याला त्यातलं काहीच नसतं, कारण तो स्वतः सही करून गेलेला असतो.

म्हणून कोणाला अशा कार्यक्रमाचं बोलावणं आलंच, तर यंत्राला घाबरण्यापेक्षा कराराकडे बघा. पॉलिग्राफचा निकाल कोर्टात टिकणार नाही, पण कॅमेऱ्यासमोर तुम्ही स्वतः बोललेलं वाक्य ही वेगळी गोष्ट आहे. व्यभिचार २०१८ पासून गुन्हा राहिला नसला तरी हिंदू विवाह कायद्यात तो घटस्फोटाचं कारण आहेच, आणि चित्रफितीतली तुमची कबुली समोरचा वकील आनंदाने वापरेल. गुन्ह्याची कबुली पोलिसांना आयती वाट दाखवते. तिसऱ्या माणसाचं नाव घेतलंत तर अब्रुनुकसानीचा दावा तुमच्यावर येऊ शकतो. करारात चार गोष्टी शोधा: चाचणीतले सगळे प्रश्न आणि आलेख मागितल्यावर मिळणार का, निकालाला दुसऱ्या तज्ज्ञाकडे आव्हान देता येणार का, अनिर्णित निकाल अनिर्णितच धरणार का, आणि चाचणी झाल्यावर, चित्रीकरणाआधी, माघार घेता येते का. पहिल्या तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर निकाल यंत्राचा नसून निर्मात्याचा आहे, असं समजून चाला.

चाचणीच्या दिवसापुरतं: रक्तदाबाची, धडधडीची किंवा चिंतेची औषधं चालू असतील तर आधी सांगा, त्यांनी आलेख बदलतो. दमा, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर चाचणीच देऊ नका. रात्रीची झोप झालेली नसेल तर दिवस बदलून मागा. श्वास रोखून किंवा मोजून घेऊन यंत्राला फसवायला जाऊ नका, ते पहिल्याच फेरीत दिसतं आणि खरं बोलणाराही त्यामुळे संशयित ठरतो. आणि प्रश्नात 'कधी', 'वाटतं का' किंवा 'जर' असा शब्द आला तर तिथेच सांगा की हा प्रश्न या यंत्राचा नाही. प्रश्न बहुधा बदलणार नाही. पण समोर बसलेला परीक्षक खरा जाणकार असेल तर तो मान खाली घालेल.